तक्रारी तीन, कॅमेऱ्याचा दोष एकाचाच : खान्देशातल्या एका स्टुडिओची व्हिडिओ कॅमेरा खरेदी

पार्श्वभूमी

अमळनेर-चोपडा पट्ट्यातल्या एका गावात दोन भावांचा फोटो-व्हिडिओ स्टुडिओ आहे. ओळख कळू नये म्हणून नावं आणि गाव इथे दिलेलं नाही. थोरला शूटिंग करतो, धाकटा एडिटिंग. तुळशीच्या लग्नापासून ज्येष्ठापर्यंत लग्नांची कामं, श्रावणात कानबाई, वर्षभर अधूनमधून कीर्तन सप्ताह, आणि अलीकडे यूट्यूबसाठी अहिराणी गाणी.

२०२२ च्या उन्हाळ्यात त्यांच्याकडे सोनीचे दोन एचएक्सआर-एमसी२५०० होते. खांद्यावरचा, पाव इंची सेन्सरचा, एव्हीसीएचडी फॉरमॅटमध्ये रेकॉर्ड करणारा कॅमेरा. जोडीला फोटोंसाठी एक डीएसएलआर, चार इनपुटचा एचडीएमआय व्हिडिओ मिक्सर आणि १६ जीबी रॅमचा जुना आय-फाइव्ह संगणक. बजेट सव्वातीन लाख, पण त्यात सगळंच बसवायचं होतं. फक्त कॅमेऱ्याचं बजेट वेगळं आणि बाकीचं ‘नंतर बघू’ असा विचार इथे आधीच बाद केला गेला, हे चांगलं झालं.

एक गोष्ट बाहेरच्यांना पटणार नाही, पण खरेदीत ती धरावी लागते. आपल्याकडे लग्नात खांद्यावरचा कॅमेरा दिसला की यजमानाने खर्च केलाय असं वऱ्हाडी समजतात. पॅनासॉनिकच्या एमडी टेन थाउजंड या टेप कॅमेऱ्याच्या काळापासूनची ही सवय आहे. छोटा कॅमेरा कितीही भारी असला तरी मांडवात तो छोटाच दिसतो.

अडचण

त्या सीझनमध्ये गिऱ्हाइकांकडून तीन तक्रारी वारंवार आल्या.

एक, एलईडी वॉलवर चित्र धूसर दिसतं. दोन, रात्रीच्या वरातीत चित्रात दाणे येतात, नवरदेवाचा चेहरा कळत नाही. तीन, सप्ताहाच्या रेकॉर्डिंगबद्दल मंडळाच्या अध्यक्षांनी अहिराणीत सुनावलं : “महाराजना आवाज मझारमाच तुटस, भाऊ.” म्हणजे, महाराजांचा आवाज मधेच तुटतो.

दोघा भावांनी तिन्हींचा एकच अर्थ लावला की कॅमेरा जुना झाला, आता ‘फोर-के’ घ्यावा लागेल. खरेदी इथूनच भरकटू शकली असती. एका तक्रारीमागे एक कारण, दुसरीमागे दुसरं असू शकतं, आणि नवा कॅमेरा प्रत्येकावर औषध नसतो.

आधी काय तपासलं

आवाज तुटण्याचं कारण सर्वांत आधी सापडलं. तुटलेल्या जागांच्या वेळा लिहून काढल्या, तर त्या दर साडेअकरा मिनिटांनी येत होत्या. ते वापरत होते त्या एव्हीसीएचडी दर्जाला सेकंदाला साधारण २४ मेगाबिट लागतात आणि कॅमेरा दर २ जीबीला नवी फाइल सुरू करतो. हिशेब केला की साडेअकरा मिनिटंच येतात. धाकटा भाऊ कार्डातल्या स्ट्रीम फोल्डरमधल्या फक्त एमटीएस फाइली उचलून टाइमलाइनवर एकापुढे एक लावत होता. या फाइली म्हणजे एकाच सलग रेकॉर्डिंगचे तुकडे. कोणता तुकडा कशाला जोडायचा ही माहिती शेजारच्या फोल्डरांमध्ये असते, आणि तीच मागे राहत होती. म्हणून सांध्यावर आवाजाचे काही फ्रेम गळायचे. कार्डातलं सगळं फोल्डर जसंच्या तसं कॉपी करून एडिटिंग सॉफ्टवेअरच्या मीडिया ब्राउझरमधून घेतलं, तेव्हा तेच रेकॉर्डिंग सलग वाजलं. खर्च शून्य.

वॉलच्या धूसरपणाचं कारण तर केबलमध्ये निघालं. स्टेजपासून मिक्सरपर्यंतचं अंतर ४० मीटरच्या आसपास. साधी एचडीएमआय केबल १०-१५ मीटरपुढे भरवशाची राहत नाही, म्हणून वॉलवाल्याने वर्षानुवर्षांच्या सवयीने कॅमेऱ्याच्या कंपोझिट आउटपुटमधून लांब केबल ओढली होती. कंपोझिटमधून जातं ते ७२० बाय ५७६ चं जुन्या टीव्हीचं चित्र. फुल एचडी कॅमेऱ्याचं चित्र १२ फुटी वॉलवर डीव्हीडीच्या दर्जाने दिसत होतं. फोर-के कॅमेरा आणला असता तरी त्याच केबलमधून तेच गेलं असतं.

राहिली वरात. ही तक्रार खरोखर कॅमेऱ्याची. पाव इंची सेन्सर प्रकाशात उत्तम चालतो, पण डीजेच्या गाडीवरचे चार दिवे आणि पेट्रोमॅक्सची जागा घेतलेल्या एलईडी माळा एवढ्यावर त्याला गेन, म्हणजे सेन्सरचा सिग्नल, वाढवावाच लागतो, आणि गेन वाढला की दाणे येतात.

तीनपैकी एकच तक्रार कॅमेरा बदलून सुटणारी होती. हे कळल्यावर प्रश्नच बदलला : अंधारात चांगला चालणारा, सप्ताहात दोन-अडीच तास सलग चालणारा, आणि मांडवातल्या ४३-४४ अंशांत न थांबणारा कॅमेरा कोणता?

पर्याय

पहिला पर्याय ओळखीतून आला : धुळ्याच्या एका जुन्या स्टुडिओचा एचडीव्ही, म्हणजे टेपवर एचडी चित्र घेणारा कॅमेरा, अगदी मातीमोल भावात. थोरल्या भावाचा टेपवर जीव. टेप म्हणजे आपोआप जपलेला मूळ माल, हे त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. पण २००३ मध्ये आलेला हा फॉरमॅट १४४० बाय १०८० पिक्सेल रेकॉर्ड करतो आणि ते ताणून १९२० चे करतो. त्यात एमपीईजी-२ ची १२ फ्रेमची साखळी असते, एक फ्रेम दुसरीवर अवलंबून, म्हणजे टेपवर धुळीचा एक कण आला तर जवळपास अर्धा सेकंद चित्र गोठतं. त्याआधीच्या डीव्ही टेपमध्ये एखाद्या फ्रेमवर ठिपके दिसून विषय संपायचा. शिवाय एक तासाची टेप संगणकात घ्यायला एक तास, आणि त्यासाठी लागणारं फायरवायर पोर्ट आता नव्या संगणकात नसतं. नकार लगेच झाला.

दुसरा पर्याय जास्त मोहात पाडणारा होता. अमेरिकेतून आलेला, हलका वापरलेला हँडीकॅम निम्म्या किमतीत. मेनू उघडून पाहिल्यावर रेकॉर्डिंगमध्ये फक्त ६०आय आणि ६०पी (आकडा सेकंदाला किती चित्रं याचा; आय म्हणजे अर्ध्या-अर्ध्या ओळींची, पी म्हणजे पूर्ण). अमेरिका-जपानच्या बाजारासाठीची बरीच मॉडेलं अशीच असतात, आणि ५० वर न्यायची सोय सगळ्यांत नसते. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, म्हणजे ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा लुकलुकते. शटर १/६० वर असलं की चित्रात पट्टे चढतात-उतरतात. शटर १/१०० करून पट्टे घालवता येतात, पण हातातले दोन्ही कॅमेरे ५० वर आणि हा ६० वर, हा मेळ टाइमलाइनवर बसत नाही. चालत्या वरातीत दर थोड्या वेळाने हिसका दिसतो. वापरलेला कॅमेरा घेताना काच, तास आणि सोबतच रेकॉर्डिंग मेनूतले फ्रेम रेट पाहणं म्हणूनच आवश्यक.

तिसरा, एपीएस-सी या मोठ्या सेन्सरचा फोर-के मिररलेस (लेन्स बदलता येणारा, आत आरसा नसलेला कॅमेरा) आणि एक झूम लेन्स. यूट्यूबच्या गाण्यांसाठी धाकट्याची पहिली पसंती हीच. अंधारात चित्र कोणत्याही हँडीकॅमपेक्षा सरस, पार्श्वभूमी मऊ. हा कॅमेरा मे महिन्यात एका दिवसासाठी भाड्याने आणून दुपारच्या हळदीत लावला. पत्र्याच्या मांडवाखाली, फोर-केमध्ये, पस्तीस मिनिटांनी स्क्रीनवर तापमानाची खूण आली आणि थोड्या वेळाने कॅमेरा बंद पडला. बहुतेक कॅमेऱ्यांच्या पुस्तिकेत चालण्याचं तापमान ० ते ४० अंश लिहिलेलं असतं. आपल्याकडचा मे त्या रेषेच्या पलीकडे असतो. जुन्या मिररलेस आणि डीएसएलआरमध्ये २९ मिनिटं ५९ सेकंदांची मर्यादाही असते. ३० मिनिटं किंवा जास्त रेकॉर्ड करणाऱ्या कॅमेऱ्यावर युरोपात व्हिडिओ कॅमेऱ्याचं शुल्क लागायचं, त्यातून ती आली. कीर्तनात तिचा अर्थ एवढाच की अभंगाच्या ऐन रंगात कुणीतरी पुन्हा बटण दाबायला हवं.

चौथा, एक इंची सेन्सरचा, एक्सएव्हीसी-एस फॉरमॅटचा फुल एचडी कॅमेरा, सोनी एचएक्सआर-एनएक्स१०० सारखा. फुल एचडीच्या ५०पी ला सेकंदाला ५० मेगाबिट, दोन एसडी कार्डांवर एकाच वेळी किंवा एकामागून एक रेकॉर्डिंग, दोन एक्सएलआर (व्यावसायिक माइकचे) इनपुट, आतच एनडी, म्हणजे उजेड कमी करणारा, फिल्टर. आणि एनपी-एफ जातीची बॅटरी, म्हणजे जुन्या कॅमेऱ्यांच्या सगळ्या बॅटऱ्या आणि चार्जर चालणार. ‘एक इंच’ हे नाव जुन्या नळ्यांच्या काळातलं आहे, सेन्सर मोजला तर १३.२ बाय ८.८ मिलिमीटर. तरीही पाव इंचीच्या दहापट तरी क्षेत्रफळ. मात्र लेन्स एफ २.८ पासून सुरू होऊन झूमवर ४.५ पर्यंत जाते, आणि छोट्या सेन्सरच्या लेन्स त्याहून उघड्या असतात. त्यामुळे ‘दहापट उजेड’ मिळत नाही. मिळतो तो फायदा वाइडवर, म्हणजे झूम न करता, स्पष्ट, पूर्ण झूमवर बेताचा.

पाचवा, एसडीआय (लांब केबलवरून एचडी चित्र नेणारं) आउटपुट असलेला फोर-के हँडीकॅम : सोनी पीएक्सडब्ल्यू-झेड९० किंवा पॅनासॉनिक एचसी-एक्स२०००. कागदावर सर्वांत पूर्ण उत्तर. झेड९० मध्ये फुल एचडीलाही १०-बिट ४:२:२, म्हणजे रंगांचा जास्त तपशील, मिळतो, दोन्हींमध्ये ३जी-एसडीआय आहे. पण बजेटमध्ये एकच बसत होता, आणि झेड९० ला वेगळ्या जातीची बॅटरी लागते.

निर्णय

खरी ओढाताण चौथ्या आणि पाचव्यात झाली. एक भारी कॅमेरा आणि त्याच्या शेजारी जुना, की दोन सारखे मध्यम?

दोन कॅमेऱ्यांच्या लग्नात मंगलाष्टकांच्या वेळी एक समोर, एक बाजूला असतो आणि दर पाच-सात सेकंदांनी चित्र एकातून दुसऱ्यात जातं. एकाचा रंग आणि दाणे वेगळे असले की भारी कॅमेराच जुन्याला उघडा पाडतो. रंग जुळवण्यात धाकट्याचे दर लग्नामागे तीन-चार तास जातील, हे त्यानेच सांगितलं. शिवाय जुना संगणक फुल एचडीचं एच.२६४ पद्धतीने दाबलेलं रेकॉर्डिंग विनातक्रार चालवत होता. फोर-केसाठी तोही बदलावा लागला असता.

दिवाळीनंतर दोन एनएक्स१०० घेतले, एक नवा, एक मुंबईहून वापरलेला. वापरलेल्यात मेनूतले तास, दोन्ही कार्ड स्लॉट, दोन्ही एक्सएलआर, झूमच्या दोन्ही टोकांना फोकस आणि लेन्स बंद ठेवून गेन पूर्ण वाढवल्यावर दिसणारे मेलेले पिक्सेल, एवढं तपासलं. बजेटचा दोन तृतीयांश भाग कॅमेऱ्यांवर, उरलेला केबल, कन्व्हर्टर, कार्ड आणि डिस्कवर गेला. जुन्यांपैकी एक विकला, एक तिसऱ्या कोनासाठी ठेवला. गाण्यांसाठी मिररलेस भाड्यानेच आणायचा, तोही सकाळी किंवा संध्याकाळी, असं ठरलं.

अंमलबजावणी

केबलचं काम आधी. प्रत्येक कॅमेऱ्याला एक एचडीएमआय-ते-एसडीआय कन्व्हर्टर, तिथून ६० मीटर ७५ ओमची आरजी-६ केबल, मिक्सरशी उलटा कन्व्हर्टर. डिशसाठीची उरलेली केबल बीएनसी (एसडीआयचा प्लग) लावून वापरून पाहिली, पण प्लग सैल बसत होता आणि कुणाचा पाय लागला की चित्र जायचं. शेवटी क्रिंप केलेले बीएनसी घेतले. आउटपुट १०८०आय५० ठेवलं, कारण त्याला १.५ गिगाबिटचं साधं एचडी-एसडीआय पुरतं. १०८०पी५० ला दुप्पट, म्हणजे ३जी लागतं आणि तेवढ्याच केबलवर पल्ला कमी होतो. कन्व्हर्टरचे अ‍ॅडॉप्टर मांडवाच्या विजेवर न ठेवता छोट्या पॉवर बँकवर घेतले. जनरेटर बदलताना क्षणभर वीज गेली तरी वॉल काळी पडत नाही.

पहिल्याच कामाला मिक्सरने चित्र घेतलं नाही. मिक्सर आधीच्या कुणीतरी १०८०पी६० वर ठेवलेला होता. तो ५० वर आणल्यावर चालला. तेव्हापासून मिक्सर, दोन्ही कॅमेरे आणि वॉलचा प्रोसेसर, चौघांचं सेटिंग एका कार्डावर लिहून बॅगेच्या झाकणाला चिकटवलं आहे : ५० हर्ट्झ, शटर १/५०, व्हाइट बॅलन्स हाताने. ऑटो व्हाइट बॅलन्स एलईडी वॉलचा रंग बदलला की चेहरेही बदलतो.

दुसरी चूक त्यानंतरच्या लग्नात. नवा कॅमेरा ५०पी वर आणि वापरलेला आधीच्या मालकाच्या २५पी वर राहिला. लग्न निभावलं, पण पाठवणीचा संथ गतीचा भाग एकाच कॅमेऱ्यातून घ्यावा लागला. ५०पी चं रेकॉर्डिंग २५ च्या टाइमलाइनवर अर्ध्या वेगाने गुळगुळीत चालतं, २५पी चं चालत नाही.

कार्डं १२८ जीबीची, व्ही३० (सेकंदाला किमान ३० मेगाबाइट लिहिणारी) घेतली. ५० मेगाबिट म्हणजे सेकंदाला सव्वासहा मेगाबाइट, त्याला कमी वेगाचंही पुरलं असतं, पण उद्या १०० मेगाबिटच्या फोर-केला हीच लागतील. प्रत्येक कार्ड आल्याबरोबर एचटूटेस्टडब्ल्यू या फुकट सॉफ्टवेअरने काठोकाठ भरून वाचून पाहिलं. एक कार्ड वर १२८ लिहिलेलं आणि आत ३२ चं निघालं. अशा कार्डावर रेकॉर्डिंग होतंय असं शेवटपर्यंत दिसतं, आणि घरी गेल्यावर सप्तपदीच नसते.

सप्ताहासाठी साउंडवाल्याच्या मिक्सरमधून एक्सएलआरने आवाज थेट कॅमेऱ्यात घेतला. इनपुट ‘लाइन’ वर, माइकला दिली जाणारी ४८ व्होल्टची वीज बंद. ‘माइक’ वर राहिलं तर आवाज फाटतो आणि तो नंतर दुरुस्त होत नाही. दुसऱ्या चॅनेलवर कॅमेऱ्याचा माइक ठेवला, टाळ-मृदंग आणि मंडपातला जिवंतपणा त्यातूनच येतो. फॉरमॅट मात्र इथे मुद्दाम जुनाच : एव्हीसीएचडी. बसलेल्या महाराजांना ५० मेगाबिट लागत नाहीत.

निष्पत्ती

वॉलबद्दलची तक्रार पहिल्या दिवसापासून बंद झाली. वरातीचं चित्र वाइडवर साफ आलं, लांबून झूम केलं की थोडे दाणे राहिले. थोरल्याने उपाय सरळ केला : झूम न करता जवळ जायचं, आणि कॅमेऱ्यावर छोटा एलईडी दिवा. मेमध्ये दोन्ही कॅमेरे पांढऱ्या कापडाच्या छत्रीखाली सलग चालले, एकदाही बंद पडले नाहीत.

‘मोठा कॅमेरा नाही आणला का?’ हा प्रश्न अपेक्षेप्रमाणे आला. ठेवलेला जुना शोल्डर कॅमेरा मग समोरच्या स्टँडवर दिसेल असा लावला जाऊ लागला. त्याचं चित्र फार वापरलं जात नाही.

डिस्कचा हिशेब मात्र सपशेल चुकला. एव्हीसीएचडीला तासाला ११ जीबीच्या आत लागतात, या फॉरमॅटला साडेबावीस. दोन कॅमेरे, सहा तास, म्हणजे एका लग्नाचे २७० जीबी. त्यांनी जुन्या सवयीने चार टीबीच्या दोन डिस्क घेतल्या, एक कामाची, एक प्रतीची. पंधरा लग्नांत, म्हणजे आखाजीच्या (अक्षय तृतीयेच्या) सुमारास, दोन्ही भरल्या. ऐन गर्दीत जागा करायला एका लग्नाचं मूळ रेकॉर्डिंग काढून टाकलं, आणि त्याच घराने पंधरा दिवसांनी आजोबांचा जास्त भाग घालून मागितला. आजोबा मधल्या काळात वारले होते. तयार फाइलीतले सात-आठ सेकंद एवढंच देता आलं. आता बिलावर छापलं आहे : फाइल दिल्यापासून ९० दिवस मूळ रेकॉर्डिंग जपलं जाईल, हवं असल्यास गिऱ्हाइकाने आपली डिस्क आणावी.

पेनड्राइव्हचा घोळ छोटा पण रोजचा. जुने टीव्ही फॅट३२ शिवाय वाचत नाहीत, आणि त्यात ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही. १५ मेगाबिटने केलेली फाइल ३५ मिनिटांच्या आत ठेवावी लागते. म्हणून आता हळद, देवक, लग्न, पाठवणी अशा वेगळ्या फाइली दिल्या जातात. गिऱ्हाइकांना तेच सोयीचं वाटलं, कारण पुढे ढकलत बसावं लागत नाही.

दोन कामं ‘फोर-के नाही’ म्हणून गेली.

वेगळं काय करता आलं असतं

फोर-के नाकारताना वॉल, टीव्ही आणि संगणक यांचा विचार झाला, मोबाइलचा झाला नाही. त्याच सीझनमध्ये जवळपास प्रत्येक घराने रील मागितली. आडव्या फुल एचडीतून उभी ९:१६ चौकट कापली की रुंदी उरते ६०८ पिक्सेल. ती १०८० वर ताणली की चेहरा मेणासारखा दिसतो. फोर-केतून कापली तर १२१५ मिळतात, ताणावं लागतच नाही. मंगलाष्टकांच्या वेळी स्टँडवरचा एक फोर-के कॅमेरा रुंद चित्र देतो, त्याच्यातूनच जवळचं चित्रही कापता येतं आणि रीलही निघते. दुसरा, वापरलेला कॅमेरा त्याच कंपनीच्या एक इंची फोर-के मॉडेलचा घेतला असता, तर रंगही बराच जुळला असता आणि हे काम भागलं असतं. संगणकाची अडचण प्रॉक्सी फाइलींनी, म्हणजे एडिटिंगपुरत्या हलक्या प्रतींनी, सुटते. हा मार्ग त्यांनी तपासलाच नाही.

खरेदीचा क्रमही उलटा हवा होता. केबल आणि कॉपी करण्याची पद्धत या दोन दुरुस्त्या मे महिन्यातच करून एक सीझन जुन्या कॅमेऱ्यांवर काढला असता, तर वरातीची तक्रार खरोखर किती जड आहे ते बिलांवरून कळलं असतं. दिवा जुन्या कॅमेऱ्यावरही लावता आला असता.

आणि डिस्कचा आकडा कॅमेऱ्याच्या बिलाच्या आधी काढायला हवा होता : फॉरमॅटचे मेगाबिट भागिले आठ, गुणिले ३,६०० म्हणजे तासाचे मेगाबाइट, त्याला कॅमेऱ्यांची संख्या, तास आणि प्रतींची संख्या यांनी गुणायचं. २८ लग्नांना दोन प्रतींसह तो १५ टीबीच्या पुढे जातो. पुढच्या दिवाळीला दोघा भावांनी कॅमेरा न घेता आठ टीबीच्या दोन डिस्क घेतल्या.